चौक कोणाचा, सही कोणाची?

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनची एक भिंत वारली चित्रांनी भरलेली आहे. तारप्याभोवतीचा नाच, बैलगाडी, ताडाची झाडं आणि कोपऱ्यात एका डिझाइन कंपनीचं नाव. दोन वर्षं तिथे चहा पिऊनही मला ठाऊक नव्हतं, की ही चित्रं मुळात बायकांची.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्न ठरलं की सवाशिणी भिंतीवर लग्नचौक लिहितात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, आणि चौकाच्या मधोमध पालघट देवी. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. गाणी म्हणत लग्न लावते तीही बाईच, धवलेरी. कौशल्य बायकांचं होतं, मानही होता. फक्त चौक विकायची वस्तू नव्हती.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोचले आणि चित्र भिंतीवरून कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे लग्नविधीपलीकडचं जगणं चितारू लागले. १९७५मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, २०११मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. पण त्यांच्यामागोमाग या व्यवसायात आले ते मुख्यतः पुरुषच.

असं का व्हावं? भिंत घरातच असते. कागदाला मात्र शहरात जावं लागतं. त्यासाठी चार दिवस शेत, चूल, लेकरं कोणावर तरी सोपवावी लागतात, अनोळखी माणसाशी भावाची घासाघीस करावी लागते. भांडवलासाठी कर्ज काढायचं, तर सातबाऱ्यावर नाव बहुधा नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. शिवाय चौक सगळ्याजणी मिळून लिहितात, बाजाराला मात्र खाली एकच सही लागते.

२०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. हक्क समूहाचा, तरी त्याचा वापर करायला कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. म्हणजे पुन्हा अर्ज, कागदपत्रं आणि तालुक्याच्या खेपा.

आदिवासी बायकांना उद्योजक करायचं म्हटलं, की आपण प्रशिक्षण शिबिर भरवतो. इथे शिकवण्यासारखं काय होतं? कला त्यांना येतच होती. अडलं होतं ते घरापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर.