स्वप्नोपदेश आणि उन्माद

संतचरित्रांच्या अभ्यासकापुढें एक प्रश्न वारंवार उभा राहतो. इतरांस ऐकूं न येणारा शब्द ज्यास ऐकूं आला, त्यास साक्षात्कारी म्हणावें कीं रुग्ण? भाविक चरित्रकार पहिला पक्ष घेतात, कांहीं आधुनिक लेखक दुसरा. मला वाटतें, दोघेही एकच चूक करतात : शब्द ऐकूं आला, एवढ्यावरूनच ते निर्णय देतात. आपल्या जुन्या साधनांतील कसोटी याहून सूक्ष्म आहे, हें दाखविणें हाच प्रस्तुत टिपणाचा उद्देश.

प्रथम तुकारामबोवांची साक्ष घेऊं. माघ शुद्ध दशमी, गुरुवार या दिवशीं बाबाजी नांवाच्या सद्गुरूंनीं आपल्यास स्वप्नांत मंत्र दिला, असें ते स्वतः सांगतात. गुरूंनीं भोजनास पावशेर तूप मागितलें, पण स्वप्नांत त्याचा विसर पडला, हा बारकावाही ते गाळीत नाहींत. नामदेवांनीं पांडुरंगासह स्वप्नांत येऊन कवित्व करण्याची आज्ञा केली, हेंही त्यांचेंच निवेदन. दोन्ही प्रसंगीं स्वप्नास त्यांनीं स्वप्नच म्हटलें आहे. जागृति आणि स्वप्न यांतील भेद त्यांच्या दृष्टीपुढून ढळलेला नाहीं.

दुसरी साक्ष बहिणाबाईंची (इ. स. १६२८–१७००). देवगांवच्या औजी कुलकर्णी यांच्या या कन्या. त्यांनीं आपलें चरित्र स्वतःच अभंगांत सांगितलें आहे. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्या पतीसह कोल्हापुरास राहत होत्या. तेथें एका वासरावर त्यांचा अतिशय जीव जडला. जयरामस्वामींच्या कीर्तनांतील प्रसंगावरून पतीनें त्यांना मारलें, बांधून ठेवलें. पुढें तें वासरूं वारलें. त्या निश्चेष्ट पडल्या, आणि त्या दिवसांतच कार्तिक वद्य पंचमी, रविवारीं तुकारामबोवांनीं येऊन आपल्यास मंत्र दिला, असें त्या सांगतात. मार आणि शोक यांनीं खचलेल्या बालमनाचा हा परिणाम होय, असें आजचा वैद्य म्हणेल. तें अगदींच चूक म्हणतां येणार नाहीं. परंतु इतिहासानें पुढचेंही पाहिलें पाहिजे. बहिणाबाईंनीं संसार टाकला नाहीं. मुलें वाढविलीं आणि शेंकडों अभंग रचले. ब्राह्मण स्त्रीनें शूद्राचा उपदेश घेतला, हा पतीचा मुख्य आक्षेप होता. म्हणजे वाद ऐकणारीच्या बुद्धीचा नव्हता, बोलणाऱ्याच्या जातीचा होता.

आतां वैद्यकशास्त्र पाहूं. चरकसंहितेच्या निदानस्थानांत सातवा अध्याय उन्मादाचा आहे. वात, पित्त, कफ आणि सन्निपात यांपासून होणारे चार प्रकार आणि पांचवा आगंतु, असे उन्मादाचे भेद तेथें सांगितले आहेत. आगंतूचा संबंध देव, गंधर्व, पिशाच इत्यादिकांशीं जोडला आहे खरा. पण त्याच अध्यायांत, जो स्वतः क्लिष्ट झालेला नाहीं त्यास देव वा पिशाच पीडा देत नाहींत, मूळ प्रज्ञापराधांत आहे, तेव्हां देवांस दोष देऊं नये, असेंही स्पष्ट सांगितलें आहे. त्याहून महत्त्वाचें असें कीं, हे उपद्रव कोणत्या हेतूनें होतात याचाही तेथें विचार केला आहे : हिंसा, रति आणि पूजेची इच्छा. जो रोगी अग्नींत शिरतो, पाण्यांत बुडी घेतो, कड्यावरून उडी टाकतो किंवा स्वतःवर शस्त्र चालवितो, त्याच्या ठायीं हिंसेचा हेतु समजावा. तो असाध्य, असें ग्रंथकार म्हणतो. आजच्या वैद्यकास तो असाध्य राहिलेला नाहीं. केवळ आवाज ऐकूं येणें म्हणजे रोग, असेंही आजचें वैद्यक मानीत नाहीं. शोकग्रस्तांस गेलेल्या आप्ताचा शब्द ऐकूं येतो, हें त्यास ठाऊक आहे. परंतु आवाज काय करावयास सांगतो, हा प्रश्न वैद्य आजही आधीं विचारतो.

हें लिहिण्यास एक खासगी कारणही आहे. मी शिक्षक असतांना माझा एक हुशार विद्यार्थी, कोणी आपल्याशीं बोलतें, असें सांगूं लागला. त्याचे वडील सल्ल्यास आले. त्याच सुमारास मीं वर्गांत तुकारामबोवांचें स्वप्न शिकविलें होतें. त्या भरांत, "मुलगा सात्त्विक आहे, त्यास टोकूं नका," असें मीं सांगितलें. तो आवाज काय सांगतो, हें मात्र मीं विचारलें नाहीं. तो त्यास विहिरीकडे बोलावीत होता. तीन महिन्यांनीं गांवकऱ्यांनीं त्याला पाण्यांतून वेळेवर काढलें, म्हणून तो वांचला. पुढें औषधोपचारानें तो सुधारला, आणि आज आपला प्रपंच नीट चालवीत आहे. ते तीन महिने माझ्या शब्दामुळें वायां गेले. चरकाचा तो अध्याय तेव्हांही माझ्या वाचनांत होता.

मृतांचें निदान करणें हें इतिहासकाराचें काम नव्हे. त्यानें साक्ष तपासावी, शब्द ऐकणाऱ्याचें पुढील आयुष्य पाहावें आणि त्या काळीं निवाडा कोणीं, कशासाठीं दिला तें नोंदवावें. जिवंत माणसाच्या बाबतींत मात्र संतचरित्र पुढें करून वैद्याचें दार बंद करूं नये. बहिणाबाईंचा आदर राखण्यास तसें करण्याची कांहींच गरज नाहीं.