वेरूळचा पाषाण व भूवेधी रडार

वेरूळचें कैलास लेणें कोणी कोरविलें, या प्रश्नाचा निकाल प्रथम ताम्रपटानें लागला. बडोद्यास सांपडलेल्या कर्क सुवर्णवर्षाच्या शके ७३४ (इ. स. ८१२) मधील दानपत्रांत एलापूरच्या शिवालयाचें वर्णन आहे, त्याचा संबंध डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्याशीं जोडला. परंतु खुद्द डोंगर हेंहि एक दप्तरच होय, आणि तें फोडल्यावांचून वाचावें कसें, ही मोठी अडचण होती.

हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. पावसाळ्यांत माथ्यावरचें पाणी त्यांतील सांध्यांतून व भेगांतून झिरपून लेण्यांच्या छतांत उतरतें. भेग आंत कोठवर गेली आहे हें बाहेरून कळत नाहीं, आणि भोंक पाडून पाहावें तर जें राखावयाचें त्यालाच इजा होते.

येथें भूवेधी रडार उपयोगी पडतें. या यंत्रांतून रेडिओलहरींचा अल्पकालिक स्पंद पाषाणांत सोडतात. वाटेंत भेग, पोकळी किंवा ओल लागली कीं लहरीचा कांहीं अंश परत फिरतो. कोरड्या बेसाल्टांत लहर एका नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत, सुमारें १० सेंटिमीटर जाते. प्रतिध्वनि ४० नॅनोसेकंदांनीं आला, तर जाण्यायेण्याचें अंतर ४ मीटर. अर्थात् दोष सुमारें २ मीटर खोल आहे.

या साधनास मर्यादाहि आहेत. कंपनसंख्या वाढविली तर बारीक भेगा दिसतात, पण खोली घटते. ओली काळी माती तर लहरी शोषूनच घेते. म्हणून एकाच मोजणीवर विसंबूं नये. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळा सरतांच त्याच रेषांवर पुन्हां मोजणी करावी. दोहोंतील फरकावरून पाण्याची वाट बरीचशी कळेल. डागडुजी त्यानंतरच करावी, असें आमचें मत आहे. वाट न ओळखतां एक भेग बुजविली, तर पाणी दुसरीकडे वळून चांगल्या शिल्पास ओल लागण्याचा संभव असतो.

छत्रपती संभाजीनगरांत मलिक अंबरानें भूमीखालून आणलेल्या नहरीसहि हाच न्याय लागू आहे. पाया खणण्यापूर्वीं तिचा मार्ग शोधला, तर ती फुटण्यापासून वांचेल.

मात्र रडार स्थळ दाखवितें, काल सांगत नाहीं. कालनिर्णयासाठीं शिलालेख, ताम्रपट व कागद यांकडेच वळावें लागेल. यास्तव मोजणीचे आलेख तारीखवार जपून याच साधनांशेजारीं ठेवणें, हें संशोधकांचें कर्तव्य होय.