पोटाचा इतिहास: आखाडा, लोणावळा आणि आजीचं फडकं

मागच्या भागात एकानं विचारलं होतं, "सिक्स पॅक इतिहासात होते का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही बाप्पा. चला, आपल्या अमरावतीपासूनच सुरू करू.

1914 साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी इथे आखाडा काढला. तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचा चमू तिथे गेला आणि त्यानं आपले देशी खेळ जगाला दाखवले.

मल्लखांबावर गडी उलटा लटकतो, दम कोंडतो, तेव्हा पोटात काय होतं? पोट म्हणजे बंद डबा समजा. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे कणा, आणि पुढे-बाजूंनी स्नायूंचे थर. सगळे एकदम आवळले की आतला दाब वाढतो आणि कण्याला आधार मिळतो. शांत झोपलेल्या माणसाच्या पोटात हा दाब साधारण 5 मिलिमीटर पारा असतो. जड वजन उचलणाऱ्यात तो 200 च्याही वर जातो. पण काही सेकंदच!

दाब उलटाही करता येतो. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि नौलीच्या वेळी आतड्यातला दाब यंत्रानं मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. गुरूंच्या नावावरून त्यांनी त्या पोकळीला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं.

आता खरी गोष्ट. आखाड्यातला दाब सेकंदांचा. महिनोन्‌महिने दाब सोसणारं पोट कोणाचं? आईचं. ताण कायम राहिला की स्नायू नुसता रबरासारखा ताणला जात नाही. तो लांबीत नवे तुकडे जोडतो. त्यांना सार्कोमिअर म्हणतात. मधोमधची पांढरी पट्टी, लिनिया अल्बा, रुंद होते आणि दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. शेवटच्या महिन्यांत हे जवळपास प्रत्येकीचं होतं. हा बिघाड नाही, जुळवून घेणं आहे. बाळंतपणानंतर बहुतेकींची फट कमी होते, पण काहींची तशीच राहते.

आपल्याकडे बाळंतिणीचं पोट फडक्यानं बांधायची रीत जुनी. त्यानं आधार मिळतो, पण स्नायूंचं काम स्नायूंनाच करावं लागतं. आणि आपल्या अकोला-अमरावतीकडे तीच बाई पुढे कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचते. बर्लिनला गेलेल्या पोटांची नोंद इतिहासात झाली. हिच्या पोटाची कोणी केली?

म्हणून घरात कोणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर "पोट सुटलं" म्हणून टोमणा मारू नका, अन् मोबाईलवरचे क्रंचेस लगेच करायलाही लावू नका. सुरुवात हळू श्वासानं, आतला थर अलगद आवळण्यानं होते. फिजिओथेरपिस्ट नीट शिकवतात. खोकताना फुगवटा दिसला किंवा दुखलं, तर डॉक्टरांना दाखवा. हर्निया असू शकतो.

आज घरी गेल्यावर आजीला एवढंच विचारा, "तुझ्या वेळी पोट किती दिवस बांधलं होतं? अन् वावरात परत कधी गेली?" उत्तर आम्हाला कळवा. इतिहास तिथूनही लिहिता येतो.

भेटू पुढच्या भागात!