तह आणि तहकुबी

तहकुबींत तोफा थांबतात, तंटा मिटत नाहीं, असें मी वर्गांत सांगत असें. पॅलेस्टाइनचें उदाहरण पाहा. ११ जून १९४८ रोजीं तेथें चार आठवड्यांची युद्धतहकुबी झाली. परंतु घरादारांस मुकलेल्या अरबांना परततां येईना. संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांनीं त्यांच्यासाठीं देशोदेशीं अन्नवस्त्र मागितलें. जुलैंत युद्ध पुन्हा पेटलें. दुसऱ्या तहकुबींत, १७ सप्टेंबरला, जेरुसलेममध्यें बर्नाडोट यांचाच खून झाला. युद्धाअखेर निर्वासित सुमारें सात लक्ष झाले. गाझांत क्वेकर पंथीयांनीं त्यांना शिधा वांटला. निर्वासितांना परत येऊं द्यावें, असा संघाचा ठराव ११ डिसेंबरला झाला. तो अमलांत आला नाहीं. म्हणूनच मे १९५० मध्यें कामास लागलेली तात्पुरती मदतसंस्था पंचाहत्तर वर्षांनंतरहि टिकून आहे. शिध्यानें जीव जगतो. घर तहावांचून मिळत नाहीं.