बैलांच्या उताराचें नांव

इंग्लंडांत लंडनपासून वायव्येस सुमारें नव्वद किलोमीटरवर थेम्स आणि चेरवेल या दोन नद्या एकत्र येतात. त्या परिसरांत पूर्वीं एके ठिकाणीं पाणी उथळ असे व गुराखी आपले बैल तेथून पलीकडे नेत. इंग्रजींत बैलाला 'ऑक्स' आणि नदीच्या उताराला 'फोर्ड' म्हणतात. त्यावरून त्या जागेला ऑक्सफर्ड हें नांव पडलें. दहाव्या शतकाच्या आरंभींच्या बखरींत तें प्रथम आढळतें. त्या काळीं तेथें ना विद्यापीठ होतें, ना पंडित. नगराच्या मानचिन्हावर आजहि पाण्यांतून चालणारा बैलच आहे. पुढील हजार वर्षांत याच शब्दाला इंग्रजी भाषेंत इतके अर्थ चिकटले कीं, कोणी नुसतें 'ऑक्सफर्ड' म्हटल्यास तो विद्यापीठाविषयीं बोलतो, बुटाविषयीं कीं सदऱ्याच्या कापडाविषयीं, हें मागचा-पुढचा संदर्भ पाहूनच ठरवावें लागतें. आणि मौज अशी कीं, हे अर्थ देण्यांत खुद्द विद्यापीठांतील पंडितांचा वांटा फारसा नाहीं.

तेथें १०९६ मध्यें अध्यापन चालू असल्याचे दाखले आहेत. ११६७ च्या सुमारास दुसऱ्या हेन्री राजानें इंग्लिश विद्यार्थ्यांना पॅरिसला जाण्याची मनाई केली, तेव्हांपासून तेथील विद्यार्थ्यांची संख्या झपाट्यानें वाढली. मग गांव कोणाचें, हा वाद सुरू झाला. १० फेब्रुवारी १३५५ रोजीं कांहीं विद्यार्थ्यांना एका गुत्त्यांतील मद्य बेचव लागलें. बोलाचाली झाली, मद्य गुत्तेवाल्याच्या तोंडावर फेकलें गेलें, आणि पाहतां पाहतां सारें गांव हातघाईवर आलें. चर्चच्या घंटा वाजल्या. आसपासच्या खेड्यांतील लोक धनुष्यबाण घेऊन धांवून आले. विद्यापीठाकडील त्रेसष्ट माणसें पडलीं, गांवकरीहि सुमारें तीस मेले, असें परंपरा सांगते. राजानें कौल दिला तो विद्यापीठाला. बाजारांतील वजनें-मापें आणि पाव-मद्याचे भाव यांवरील अधिकार विद्यापीठाकडे गेला. शिवाय नगराच्या मेयरनें दरसाल त्याच दिवशीं प्रतिष्ठित नागरिकांसह चर्चमध्यें जावें आणि मेलेल्या प्रत्येकामागें एक याप्रमाणें त्रेसष्ट पेनी विद्यापीठास द्याव्या, असें ठरलें. ही नामुष्की १८२५ पर्यंत, म्हणजे ४७० वर्षें चालली! गुराख्यांनीं दिलेलें नांव असें पंडितांच्या मालकीचें झालें.

ती मालकीहि मोठी सोंवळी होती. इंग्लंडच्या राजमान्य धर्मपंथाबाहेरील मनुष्याला तेथील पदव्यांची व अधिकारपदांची दारें पूर्णपणें उघडण्यास १८७१ साल उजाडावें लागलें. स्त्रियांची गोष्ट तर याहून उशिराची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची परीक्षा १८९२ मध्यें दिली. परंतु विद्यापीठानें स्त्रियांस पदवी देण्यास आरंभ केला तो १९२० मध्यें. मधल्या अठ्ठावीस वर्षांत त्या बाई हिंदुस्थानांत परतून पडद्यांतील स्त्रियांचीं मालमत्तेचीं प्रकरणें चालवूंहि लागल्या होत्या. पुण्याला 'पूर्वेकडील ऑक्सफर्ड' म्हणवून घेण्याची हौस फार. त्या बिरुदांत हाहि अर्थ दडलेला आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

धर्माच्या क्षेत्रांत या नांवाला दोन अर्थ लाभले आणि ते एकमेकांपासून फार दूरचे आहेत. 'ऑक्सफर्ड चळवळ' १८३३ मध्यें खरोखरच तेथील विद्वान धर्मोपदेशकांनीं उभारली. तिचे अग्रणी न्यूमन १८४५ मध्यें रोमन पंथास जाऊन मिळाले. 'ऑक्सफर्ड ग्रूप' ही मात्र फ्रँक बुकमन नांवाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाची मंडळी. १९२८ मध्यें तिच्यांतील कांहीं तरुण दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले असतां आगगाडीच्या नोकरानें त्यांच्या डब्यावर हे दोन शब्द लिहून टाकले आणि तेंच नांव रूढ झालें, असें सांगतात. याच मंडळींतून १९३८ मध्यें नैतिक पुनःशस्त्रीकरणाची चळवळ निघाली, आणि १९६० नंतरच्या दशकांत तिचें केंद्र आपल्या पाचगणीच्या पठारावर उभें राहिलें. पाचगणीचा ऑक्सफर्डशीं असा संबंध ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. पण नांवें अशींच भटकत असतात.

बाजारांत तर या नांवाला धरबंदच उरला नाहीं. नाडीच्या पट्ट्या पुढल्या चामड्याखालीं शिवलेला बूट तो ऑक्सफर्ड. १९२५ च्या सुमारास तेथील विद्यार्थ्यांनीं मिरविलेले घोळदार विजारीचे पायहि ऑक्सफर्ड. स्कॉटलंडांतील एका गिरणीनें चार विद्यापीठांचीं नांवें चार कापडांना दिलीं, त्यांपैकीं एकच टिकलें, असें कापडवाले सांगतात; तें सदऱ्याचें जाडसर कापड आजहि ऑक्सफर्डच. यांत परकें वाटण्याजोगें कांहीं नाहीं. पैठणच्या ब्रह्मवृंदाचा निर्णय एके काळीं महाराष्ट्रांत शिरोधार्य असे. आज पैठणचें नांव घरोघर राहिलें आहे तें पैठणीमुळें. शास्त्रार्थापेक्षां साडी अधिक टिकली.

या नांवाला सर्वांत मोठा प्रवास घडविला तो एका सायकल दुरुस्त करणाऱ्यानें. विल्यम मॉरिसनें पोरवयांतच शाळा सोडली आणि १८९३ मध्यें चार पौंडांच्या भांडवलावर घरींच सायकलींचा धंदा मांडला. १९१३ मध्यें त्यानें 'मॉरिस ऑक्सफर्ड' ही मोटार काढली. तिच्या पुढल्या गोल भागावरून लोक तिला 'बैलाच्या नाकाची गाडी' म्हणूं लागले. म्हणजे हजार वर्षांनीं बैल पुन्हा नांवाशेजारीं येऊन उभा राहिला. पुढें लॉर्ड नफील्ड झालेल्या या गृहस्थानें १९३७ मध्यें विद्यापीठाला एक कॉलेजच दिलें. ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सनें आपली ॲम्बॅसडर बनविली. ती १९५७-५८ च्या सुमारास निघाली आणि २०१४ पर्यंत निघत राहिली. मंत्र्यांपासून मामलेदारांपर्यंत कित्येक जण त्या गाडींतून हिंडले. आपण ऑक्सफर्डमध्यें बसलों आहों, याची कल्पना किती जणांस असेल!

या साऱ्या अर्थांची नोंद ठेवणारा ग्रंथहि त्याच नांवाचा आहे. त्याचे संपादक जेम्स मरे हे स्कॉटलंडांतील एका शिंप्याचे पुत्र. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली; पुढें ते स्वतःच शाळामास्तर झाले. विद्यापीठाच्या छापखान्यानें १८७९ मध्यें कोशाचें काम त्यांच्यावर सोंपविलें, तें दहा वर्षांत पुरें होईल या अपेक्षेनें. पांच वर्षांनीं, १८८४ मध्यें, पहिला खंडांश बाहेर पडला. तो 'अँट', म्हणजे मुंगी, या शब्दापर्यंत पोंचला होता. मरे यांनीं बागेंत पत्र्याची खोली बांधली, तींत लाखों चिठ्ठ्या खणांत लावल्या, घरच्या मुलांनाहि त्या निवडण्याच्या कामीं लावलें. १९१५ मध्यें ते वारले. ग्रंथ पुरा झाला १९२८ मध्यें. विद्यापीठानें त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली, ती मृत्यूच्या आदल्या वर्षीं. एवढी दिरंगाई विद्यापीठाला शोभली नाहीं, असें म्हणणें भाग आहे. ग्रंथाचें मूळ नांव 'नवा इंग्रजी कोश' असें होतें. लोक त्याला ऑक्सफर्डचा कोश म्हणत राहिले, आणि १९३३ च्या पुनर्मुद्रणांत लोकांचेंच नांव मुखपृष्ठावर कायमचें आलें.

त्याच छापखान्यानें आपल्या जुळाऱ्यांसाठीं १८९३ मध्यें नियमांची एक चोपडी केली होती. 'गहूं, तांदूळ, आणि डाळ' अशा यादींत शेवटच्या 'आणि'पूर्वीं स्वल्पविराम द्यावा, ही त्या छापखान्याची शिस्त. त्यावरून त्या चिन्हाला 'ऑक्सफर्ड स्वल्पविराम' म्हणतात. मराठींत तो कोणी देत नाहीं, आणि त्यावांचून कोणाचें अडतहि नाहीं. अमेरिकेंतील मेन राज्यांत मात्र अडलें. जादा कामाचा वाढीव मोबदला कोणत्या कामांना लागू नाहीं, त्याची यादी तेथील कायद्यांत होती. तिच्या अखेरीस 'रवानगीसाठीं किंवा वितरणासाठीं बांधाबांध' अशा अर्थाचे शब्द होते, आणि 'किंवा'पूर्वीं स्वल्पविराम नव्हता. वितरण हें निराळें काम कीं बांधाबांधीचाच एक हेतु? एका दुग्धालयाचे गाडीवान माल पोंचवीत, बांधीत नसत. त्यांनीं मोबदल्यासाठीं फिर्याद केली. २०१७ मध्यें अपील न्यायालयानें मजकूर संदिग्ध ठरवून गाडीवानांच्या बाजूनें निकाल दिला, आणि पुढल्या वर्षीं मालकांनीं पन्नास लाख डॉलर देऊन तंटा मिटविला.