साच्यापलीकडची पाणबुडी



पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण ही नावे घेतली म्हणजे डोळ्यांपुढे कारखान्यांची रांग उभी राहते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशी पेनिसिलीन बाहेर पडू लागले. मग आकुर्डीला स्कूटर आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६६ साली टेल्को आली, आणि पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. समुद्र म्हणाल तर तो घाटाखाली. तेव्हा या पट्ट्यातल्या मंडळींशी पाणबुडीविषयी बोलायचे, आणि तेही खऱ्या पाणबुडीविषयी नव्हे, तर टेबलावर मावणाऱ्या प्लास्टिकच्या पाणबुडीविषयी, हे जरा विचित्रच वाटेल. पण ही पाणबुडी काही गोदीत जन्माला येत नाही. ती जन्मते पोलादी साच्यात. आणि साचा म्हणजे काय, हे भोसरीच्या टूल रूममध्ये काम करणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

ज्यांनी असा संच पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एका खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग असतात, बारीक दांड्यांच्या चौकटीला लागलेले. ते कापून सोडवायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. पुष्कळ लोक इथेच थांबतात. पण काहींचे एवढ्याने समाधान होत नाही. ते कठड्याची तार बसवतात, पेरिस्कोपची नळी बदलतात, बाजूची भोके खरोखरच आरपार पाडतात. महिना महिना या कामात जातो. हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर या छंदाच्या इतिहासात सापडते.

जहाजांचे प्रमाणबद्ध नमुने करण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडच्या आरमारात सतराव्या शतकापासून लाकडी नमुने होत असत. ते केवळ शोभेचे नव्हते, जहाज कसे आहे ते समजून घेण्याचे साधन होते. दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट विमानांच्या बाबतीत झाली. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडे पाच लक्ष लाकडी विमानांची मागणी केली. प्रमाण ठरले एकास बहात्तर. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना ओळखता यावे म्हणून. येथे एक चूक म्हणजे एक जीव, असा हिशेब होता. आकृती अचूक हवी हा आग्रह तेव्हापासून या कामाच्या अंगी मुरला.

प्लास्टिक या क्षेत्रात शिरले ते १९३६ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये. पण त्याची खरी भरभराट झाली १९५० नंतर, पॉलिस्टायरिन स्वस्त झाल्यावर. अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीची मिसूरी ही युद्धनौका १९५३ साली बाजारात आली आणि घरोघरी गेली. (आपल्या देशात पॉलिस्टायरिनचे उत्पादन १९५७ साली सुरू झाले.) त्या काळी साचा करण्याची पद्धत मोठी मौजेची होती. आधी कारागीर लाकडाचा मोठा नमुना कोरी. मग पँटोग्राफ यंत्राची एक सुई त्या नमुन्यावरून फिरे, आणि दुसरीकडचे हत्यार तीच आकृती लहान प्रमाणात पोलादात खोदी. म्हणजे कारखान्यातून लाखांनी बाहेर पडणाऱ्या वस्तूच्या मुळाशी एकाच माणसाचा हात असे.

बारकाव्याची किंमत काय असू शकते, हे १९६१ साली एका प्रकरणाने दाखवून दिले. जॉर्ज वॉशिंग्टन या अमेरिकेच्या पहिल्या पोलॅरिस पाणबुडीचा प्लास्टिकचा संच तीन डॉलरच्या आतबाहेर मिळू लागला. आतली दालने, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, सारे काही त्यात उघडून दाखवलेले. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर भडकले. शत्रूला लक्षावधी डॉलरची माहिती आपण खेळण्याच्या दुकानात विकतो आहोत, अशी त्यांची तक्रार होती. कंपनीने दाखवलेले सगळेच बरोबर होते की नाही, हा वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा की एका खेळण्यातल्या बारकाव्यांनी दर्यासारंगाची झोप उडवली.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सारे कारखानाच दाखवतो, तर घरच्या माणसाने आणखी काय करायचे? बघा, इथेच आपल्या पट्ट्यातल्या कारागिराचे ज्ञान उपयोगी पडते. टेल्कोने १९६६ साली पुण्याजवळ पाय रोवले तेव्हा मोटारी बाहेर पडायला बराच अवकाश होता. आधी सुरू झाले ते हत्यारे आणि डाय करण्याचे काम, आणि ते काम करणारी माणसे घडवण्याचे काम. शिकाऊ म्हणून लागलेल्या मुलाला प्रथम कानस धरायला शिकवायचे, हा तर या धंद्याचा पाठच. त्या परंपरेतून या भागात जो टूलमेकर तयार झाला, त्याला साच्याचे कायदे तोंडपाठ आहेत.

पहिला कायदा असा की, साचा दोन भागांचा असतो आणि तो उघडला की माल सुटून बाहेर आला पाहिजे. म्हणून उभ्या बाजूंना अंशभर तरी उतार द्यावा लागतो. दुसरा कायदा अंडरकटचा. उघडण्याच्या दिशेला आडवा असलेला खळगा साध्या साच्यात येत नाही. त्याला बाजूने सरकणारी स्लाइड लागते, आणि स्लाइड म्हणजे खर्च. तिसरा कायदा जाडीचा. वितळलेले प्लास्टिक साधारण सव्वादोनशे अंश सेल्सियसला दाबाने आत शिरते. वाट फार अरुंद असेल तर ते मध्येच गोठते आणि भाग अपुरा निघतो. त्यामुळे एक मिलिमीटरच्या आसपास जाडी ठेवणे कारखान्याला सोयीचे जाते.

आता थोडे गणित करू. पाणबुड्यांचे पुष्कळ संच एकास साडेतीनशे या प्रमाणात येतात. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या पाणबुडीवर पस्तीस सेंटिमीटर. म्हणजे पत्र्याच्या जागी वाड्याची भिंत झाली! कठड्याचा तीन सेंटिमीटर जाडीचा खांब या प्रमाणात एक दशांश मिलिमीटरहून कमी भरतो, जवळजवळ माणसाच्या केसाएवढा. तो साच्यात कसा ओतणार? म्हणून कारखाना एकतर तो जाड करतो, नाहीतर सोडून देतो. संचात जे कमी दिसते ते आळसामुळे नव्हे, साच्याच्या कायद्यामुळे. जिथे साचा थकतो तिथून हाताचे काम सुरू होते.

ते काम करण्याच्या युक्त्या साध्या आहेत. भाग ज्या दांड्यांना लागलेले असतात त्यातलाच एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, मऊ होईपर्यंत फिरवावा आणि दोन्ही हातांनी सावकाश ताणावा. केसासारखी तार निघते. हीच रेडिओची एरियल, हाच कठडा. पेरिस्कोपची नळी वीस सेंटिमीटर जाडीची धरली तर या प्रमाणात ती अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त होते. इंजेक्शनची बारीक सुई त्या कामी चालते. टोक घासून बोथट केले की झाले. शिड्या आणि जाळ्यांसाठी हल्ली ॲसिडने कोरलेला पितळेचा पातळ पत्रा मिळतो.

पण सर्वांत समाधानाचे काम भोकांचे. पाणबुडीच्या बाहेरच्या कवचाला ओळीने छिद्रे असतात. संचात ती नुसत्या खळग्यांसारखी उमटतात. कारागीर काय करतो? कवच आतल्या बाजूने कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून पातळ करतो, मग हातड्रिलने एकेक भोक उघडतो. हे करताना हात चालतो तसे डोकेही चालू लागते. ही भोके कशाला असतील? तर पाणबुडीला दोन अंगे असतात. आतले मजबूत, हवाबंद, ज्यात माणसे राहतात. बाहेरचे कवच पाणी सहज कापण्यासाठी. या कवचातल्या मोकळ्या जागेत समुद्राचे पाणी खुशाल शिरते आणि वर आल्यावर याच छिद्रांतून निथळते. बुडवण्याचे आणि वर आणण्याचे काम निराळ्या टाक्यांचे. वरची झडप उघडून हवा सोडली की खालून पाणी भरते आणि पाणबुडी बुडते, दाबलेली हवा सोडून पाणी हुसकले की ती वर येते. शंभर भोके पाडणाऱ्या मुलाला ही गोष्ट पुस्तकावाचून कळते, आणि कायमची कळते.

यापुढचा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. कोणती पाणबुडी, आणि कोणत्या सालची? आपली पहिली पाणबुडी कलवरी ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा येथे नौदलात दाखल झाली. मागोमाग खांदेरी, करंज आणि कुरसुरा आल्या. यातले खांदेरी हे नाव आपल्या काळजातले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी ज्या बेटावर तटबंदी घातली, आणि इंग्रज नि सिद्दी दोघांनाही दाद दिली नाही, तेच हे खांदेरी. ती नावे जुन्या पाणबुड्यांबरोबर निवृत्त झाली नाहीत. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी कलवरी १४ डिसेंबर २०१७ रोजी, नवी खांदेरी २८ सप्टेंबर २०१९ रोजी आणि नवी करंज १० मार्च २०२१ रोजी दाखल झाली.

पण नाव एक असले तरी देह निराळा. जुनी करंज सुमारे एक्क्याण्णव मीटर लांब, तीन पंख्यांची. नवी साडेसदुसष्ट मीटर, एकाच पंख्याची. एकास साडेतीनशे प्रमाणात एक सव्वीस सेंटिमीटर भरेल, दुसरी एकोणीस. १९७१ च्या युद्धात कराचीच्या बाजूला गस्त घालणारी करंज करायची, तर आकृती जुनीच हवी. नव्या पाणबुडीवर जुना पराक्रम लिहिला तर तो कितीही सुबक झाला तरी खोटा. जुनी जात कशी होती हे पाहायचे असेल तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुरा आज संग्रहालय होऊन उभी आहे. २००१ साली ती निवृत्त झाली. तिच्या कवचावरची भोके मोजता येतात, पंखे पाहता येतात. छायाचित्रावरून अंदाज करण्यापेक्षा ते हजारपटीने बरे.

बारकाव्याला एक हद्दही असते, आणि ती ओळखणे हाही कसबाचाच भाग. पाणबुड्यांचा पंखा गोदीत पुष्कळदा झाकून ठेवतात, कारण पात्यांच्या आकारावरून तिचा आवाज आणि वेग यांचा तर्क करता येतो. २०१६ साली आपल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांविषयीची बावीस हजारांवर पाने बाहेर फुटल्याचे ऑस्ट्रेलियातल्या एका वृत्तपत्राने छापले, तेव्हा देशभर केवढी खळबळ उडाली! रिकोव्हर यांची पंचावन्न वर्षांपूर्वीची तक्रार तेव्हा पुन्हा ताजी झाली. म्हणून घरी नमुना करणाऱ्याने उघड दिसते तेवढेच करावे. जे झाकलेले आहे तिथे कल्पनेने पाती बसवू नयेत. नमुन्यावरही झाकणच घालावे. तेही खरेच असते.

शेवटी, हा सारा काटेकोरपणा का, ते सांगितले पाहिजे. दीव येथे समुद्राकडे तोंड करून एका टेकडीवर काचेच्या पेटीत एका युद्धनौकेची प्रतिकृती ठेवली आहे. ती आहे खुक्रीची. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने तिला बुडवले. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचा जीव वाचवण्याची संधी असूनही जहाज सोडले नाही. खरी खुक्री समुद्राच्या तळाशी आहे. तिच्या माणसांच्या नातेवाइकांना जाऊन उभे राहायला आहे ती ही प्रतिकृती. अशा जागी कठडा सुटला, तोफ चुकीच्या ठिकाणी बसली, तर ते कुणाला तरी खुपणारच. ज्या कठड्याला धरून कुणाचा भाऊ उभा राहत होता, तो कठडा आहे ना?

आपल्या कारखान्यांतल्या शिकाऊ मुलांना, आय.टी.आय.त जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. सुट्टीत असा एखादा संच हाती घ्या. दिवसभर तुम्ही साचे घडवता, तेव्हा साचा काय देतो आणि कुठे थांबतो, हे तुमच्याइतके कुणाला कळणार? पहिले भोक पाडण्याआधी कागदावर जहाजाचे नाव आणि साल लिहून ठेवा, आणि त्या सालची दोन तरी छायाचित्रे मिळवा. घाई करू नका. पुणे-मुंबई रस्त्याने लोणावळ्यापर्यंत गेलात तर तिथे १९४५ पासून आय.एन.एस. शिवाजी ही नौदलाच्या अभियंत्यांची शाळा आहे. समुद्र दिसत नसतानाही तिथे समुद्रावरची यंत्रे शिकवतात. तेव्हा घाटावर बसून पाणबुडी समजून घेणे यात नवल नाही. हाताला कानशीची सवय आणि मनाला खऱ्याची ओढ, एवढे भांडवल त्याला पुरते.