कोच गावची गाडी

पैठणची साडी ती पैठणी. ‘साडी’ म्हणावेच लागत नाही. हंगेरियनमधल्या ‘कोची’ या नामाचीही कथा अशीच आहे. व्हिएन्ना-बुडा रस्त्यावरच्या कोच गावात १५व्या शतकात हलक्या, वेगवान गाड्या बनत. ‘कोची सेकेर’ म्हणजे कोच गावची गाडी. पुढे ‘सेकेर’ गळाले आणि विशेषणच नाम झाले.

आता ते नामासारखेच चालते. अनेकवचन ‘कोचिक’. मराठी कानाला सप्तमी वाटणारे ‘कोचित’ तिथे द्वितीया आहे, ‘गाडीत’साठी ‘कोचिबॉन’. ‘माझ्या गाडीत’ हे एकाच शब्दात मावते: ‘कोचिम्बॉन’. आधी मालकीचा ‘म’, मग ‘बॉन’.

गाडीबरोबर शब्दही युरोपभर फिरला: जर्मन ‘कुत्शे’, फ्रेंच ‘कोश’, इंग्रजी ‘कोच’. बुडापेस्टमध्ये आज ‘कोची’ म्हणजे मोटारही. अनुवादात मी ‘गाडी’ लिहिते. अर्थ पोचतो, गाव मात्र मागे राहते. ते सापडते भलतीकडेच. ‘गावचा’ सांगणारी शेवटची ‘ई’ इंग्रजीपर्यंत येता येता झिजली. म्हणून रेल्वेचा ‘कोच’ शोधताना फलाटावर आपण नकळत त्या हंगेरियन गावाचेच नाव घेत असतो.